मानमोडीची लस टोलीवर (वस्तीवर) कशी टोचावी

मानमोडी, म्हणजेच कोंबड्यांचा राणीखेत रोग, एकदा खुराड्यात शिरली की तिच्यावर औषध नाही. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडी ठेवून घरघर, पंख-पाय लुळे, पिळवटलेली मान. लस न टोचलेल्या कळपात आठवडाभरात शंभरातली नव्वद पाखरंही जाऊ शकतात. हळद-लसूण चारून किंवा अँटिबायोटिक पाजून हा विषाणू मरत नाही. लस मात्र स्वस्त आहे आणि खात्रीची आहे. ती फसते ती बहुतेक वेळा उन्हामुळे किंवा घाईमुळे.

कोणाला कोणती लस

पिलू ५ ते ७ दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकायचा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा एकदा लासोटाच. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी, ही मात्र टोचूनच. ही लस जहाल असते. कोवळ्या पिलाला टोचली तर लसीनेच ते आजारी पडतं, म्हणून वयाचा अंदाज नसेल तर त्याला लासोटावरच ठेवा. मोठ्या कोंबड्यांना दर सहा महिन्यांनी आर-टू-बी पुन्हा द्यावी.

विदर्भात संक्रांतीनंतरचे दिवस आणि पोळ्याच्या महिनाभर आधीचे दिवस यासाठी सोयीचे. एकतर ऊन सोसण्यासारखं असतं. दुसरं म्हणजे करीसाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसासाठी, आठवडी बाजारात कोंबड्यांची ये-जा वाढते आणि रोग त्याच डालग्यांतून गावोगाव फिरतो. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. टोचल्यावर २१ दिवस ते पाखरू कापायचंही नसतं. महिनाभर आधी म्हणतो ते यासाठी.

एक घर नाही, अख्खी टोली

कुपी शंभर किंवा दोनशे मात्रांची येते आणि एकेका घरी कोंबड्या दहा-पंधरा. एकट्याने आणली तर उरलेली फेकावी लागते. त्यापेक्षा आठ-दहा घरांनी मिळून दिवस ठरवावा. पशुसखी (जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेली गावातली बाई) असेल तर तिला धरा, नाहीतर पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षकांशी बोला. आठवडाभर आधी सगळ्या कोंबड्यांना जंतनाशक पाजून घ्या. पोटात जंत असले की लस नीट लागत नाही.

थंडावा

लस म्हणजे जिवंत पण सुकवलेला विषाणू. तिला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. दवाखान्यातून निघताना थर्मासमध्ये बर्फ हवाच, आणि लस विरघळवायचं सलाइनही त्याच थर्मासमध्ये गार करायचं. थंड लसीत कोमट सलाइन ओतलं तर सगळी धडपड तिथेच वाया. मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा शर्टाच्या खिशात ठेवून आणलेली लस टोचूच नये. बाहेरून ती चांगलीच दिसते, पण आत काही जिवंत उरलेलं नसतं.

टोचणी

कोंबड्या आदल्या संध्याकाळी खुराड्यात कोंडून ठेवा. सकाळी मोकळ्या सुटल्या की हाती लागत नाहीत. उजाडायच्या आत सुरुवात करून ऊन चढण्याआधी संपवा.

१. सिरिंज आणि सुया पाण्यात उकळून पूर्ण गार करा. डेटॉल किंवा स्पिरिट लावू नका, त्याने लसच मरते.
२. आर-टू-बीच्या शंभर मात्रांच्या कुपीला ५० मिलि गार सलाइन. आधी थोडं कुपीत सोडून हलक्या हाताने फिरवा, मग उरलेल्यात मिसळा. कुपीवर वेगळं प्रमाण छापलेलं असेल तर ते पाळा.
३. एकाने कोंबडी धरायची, दुसऱ्याने पंख उचलून खालच्या सैल कातडीत अर्धा मिलि टोचायचं. सुई आडवी ठेवा. आरपार गेली तर लस पिसांवर सांडते आणि कोंबडी टोचल्याच्या हिशेबात जाते.
४. घर बदललं की सुई बदला.
५. मिसळलेली लस बर्फावर ठेवून दोन तासांत संपवा. उरलेली उकळून खड्ड्यात पुरा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

सुस्त, पिसं फुलवून बसलेल्या कोंबडीला टोचू नका. टोचल्यावर काही दिवस अंडी कमी होतात, एखादी लंगडते. त्याने घाबरू नका, पण हे घरच्या बाईला आधीच सांगून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी ती कोंबड्या लपवेल, आणि तिचंही चुकत नाही, अंड्यांचा पैसा तिचा असतो.

मर सुरू झाली असेल तर

बाजारात विकून मोकळं होण्याचा मोह होतो. तीच गोष्ट शेजारच्या दहा गावांना बुडवते. १९६२ या क्रमांकावर किंवा दवाखान्यात लगेच कळवा. बर्ड फ्लूची लक्षणंही अशीच असतात. तपासणीशिवाय फरक कळत नाही, म्हणून मेलेली कोंबडी घरी चिरू नका आणि उघड्या हाताने उचलू नका. डॉक्टरांनी नमुना घेतल्यावर कुत्रं उकरणार नाही इतक्या, किमान तीन-चार फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. नाल्यात फेकलेली कोंबडी कावळे आणि कुत्री दुसऱ्या टोलीवर नेतात.

बाधित घरी टोचणी नको. निरोगी घरांना टोचायचं तर सुरुवात लांबच्या घरापासून करा आणि बाधित अंगणात पाऊलही टाकू नका, कारण चपलेला लागलेल्या विष्ठेतूनही विषाणू जातो.

रिकाम्या खुराड्याची वरची माती दोन बोटं खरवडून काढा, चुना पसरा, लाकूड-डालगी साबणाच्या पाण्याने घासून कडक उन्हात टाका. वाचलेली वाकड्या मानेची कोंबडी काही काळ विषाणू सोडत राहते, तिच्याजवळ नवी पिलं सोडू नका. खुराडं किमान तीन आठवडे रिकामं ठेवा, आणि नवं पिलू आणाल ते लासोटा दिलेलंच आणा.