मूठ आवळून काही कळत नाही: बोटं वाकवणारा वरचा स्नायू कसा तपासावा

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी हेच सांगून माझा घसा बसतो. 'मूठ आवळा, झाली तपासणी' असं कुणी शिकवलं असेल तर ते विसरा.

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर ते मनगट या भागात असतात. वरचा फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशिअलिस, त्याच्याखाली प्रोफंडस. दोघांचे प्रत्येकी चार टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटातल्या बोगद्यातून बोटांकडे जातात. वरच्याचा टेंडन पहिल्या पेरापाशी दुभंगतो आणि मधल्या पेराला दोन्ही बाजूंनी चिकटतो. खालचा त्या फटीतून निघून थेट शेवटचं पेर गाठतो. जाता जाता तो मधला सांधाही वाकवतो, म्हणून वरचा तुटला तरी मूठ छान वळते.

हात टेबलावर ठेवा, तळवा वर.

कोपराच्या आतल्या बाजूचं टोकदार हाड चाचपा. स्नायूचा मोठा भाग तिथून निघतो. दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या चार-पाच बोटं खाली टेकवा आणि टेबलावरच्या हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवा. आत हालचाल लागेल. मनगटाच्या मधोमध जी दोरी उठून दिसते ती बहुधा पामारिस लाँगसची, आपल्या स्नायूची नव्हे. कित्येकांना ती नसतेच, घाबरू नका.

आता खरी मेख. मधलं बोट मोकळं ठेवा आणि बाकीची तिन्ही टेबलावर सरळ दाबून धरा, अगदी टोकापर्यंत. बोटांच्या मुळाशी धरून चालत नाही. निम्मे लोक इथेच चुकतात. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या प्रोफंडसचं मांस एकत्र असतं. शेजारच्यांची टोकं ताणून धरली की तो मधल्या बोटासाठीही अडकतो. सुपरफिशिअलिसचा भाग मात्र प्रत्येक बोटाला बराचसा स्वतंत्र असतो. म्हणून आता मधलं बोट वाकवलं तर ते काम त्याचंच.

बोट वाकलं म्हणून लगेच खूश होऊ नका. घरातल्या कुणाला तरी वाकलेल्या बोटाचं टोक टिचकीने हलवायला सांगा. ते लुळं हललं पाहिजे. ताठ लागलं तर प्रोफंडस चोरून मदत करतोय. पकड सुधारा, पुन्हा करा. अनामिकाही अशीच तपासा.

तर्जनीने मला तोंडावर पाडलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी विळीने तर्जनीच्या मुळाशी कापलेला एक मुलगा आला. मी तीन बोटं धरली, तर्जनी वाकली, मी कागदावर 'ठीक' लिहून मोकळी. सरांनी त्याला फक्त एक कागद अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायला लावला. तर्जनीचं टोक आकड्यासारखं वळलं. वरचा टेंडन तुटला होता. तर्जनीच्या प्रोफंडसचं मांस बहुतेकांत वेगळं असतं, त्यामुळे बाकीची बोटं धरून तो अडत नाही. तेव्हापासून तर्जनीसाठी मी चिमटीच वापरते: कागद बोटांच्या गादीने धरायचा, टोकाचा सांधा सरळ किंवा किंचित मागे झुकलेला, मधला वाकलेला. हे जमलं तर वरचा स्नायू शाबूत.

करंगळी एकटी वाकत नसेल तर अनामिकाही सोडून बघा. पुष्कळांत दोघींचे टेंडन जोडलेले असतात, काहींत करंगळीचा नसतोच. दुसऱ्या हाताशी ताडून बघितल्याशिवाय निदान करू नका.

ताजी जखम असेल तर यातलं काहीही घरी करू नका. अर्धवट कापलेला टेंडन जोर लावल्यावर पूर्ण तुटू शकतो. स्वच्छ फडकं बांधा, बोटं न ताणता आधाराला ठेवा आणि हाताच्या सर्जनकडे त्याच दिवशी जा. बोट वाकतंय म्हणून थांबू नका.