व्हिडिओ बातमी शिकताय? शूटवरच्या या चुका टाळा

पहिल्या असाइनमेंटसाठी मी एका निवृत्त परिचारिकेची 20 मिनिटांची मुलाखत घेतली. त्या मनापासून बोलल्या, फ्रेम नीट होती, चेहऱ्यावर उजेड छान होता. एडिटला बसले तर शब्दांपेक्षा खरखरच जास्त. कॉलर माइक त्यांच्या स्वेटरच्या घडीला घासत होता आणि मी हेडफोन लावले नव्हते. परत गेले. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, पण पहिल्या वेळी मध्येच थांबून त्या जशा गप्प झाल्या होत्या, ते काही परत मिळालं नाही.

शिकणाऱ्यांच्या बहुतेक चुका लोकेशनवर होतात आणि कळतात मात्र टाइमलाइनवर. म्हणून पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगते: एडिटमध्ये काय दिसतं आणि शूटवर काय करायला हवं होतं.

आवाज खराब आला

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वाधिक बातम्या इथेच बिघडतात. थोडं हललेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण ऐकूच आलं नाही तर तो तिथेच थांबतो.

हेडफोन सुरुवातीला तपासणीपुरते लावून काढून ठेवू नका. रेकॉर्डिंग संपेपर्यंत ते कानावर हवेत. माइक घासणं, बॅटरी उतरत जाणं, शेजारच्या खोलीतली ड्रिल हे सगळं पाचव्या-सहाव्या मिनिटाला सुरू होतं.

बोलण्याची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य हे छत असतं. साधारण रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या वर गेलेला आवाज कापला जातो आणि तो फाटका आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण सांधता येत नाही. उलट फार खाली ठेवला, तर वाढवताना खोलीतला गोंगाटही सोबत वर येतो.

माणूस बोलायचा थांबला की मागची घरघर मोठी होते आणि तो बोलू लागला की दबते? मग कॅमेऱ्याचं ऑटो गेन चालू राहिलं आहे. शांतता आली की कॅमेरा स्वतःच संवेदनशीलता वाढवतो. मॅन्युअल करा.

कॉलर माइक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर, कापडाला मोकळा राहील असा लावा आणि वायरला छोटा वळसा देऊन चिकटपट्टीने धरून ठेवा. पंखा, फ्रीज बंद करायला सांगा. फ्रीज पुन्हा चालू करायचा विसरू नये म्हणून साउंड रेकॉर्डिस्ट स्वतःच्या गाडीची किल्ली त्यात ठेवतात. मला ही युक्ती फार आवडते, कारण ज्यांनी घर उघडून दिलं त्यांचं नुकसान होऊ नये, ही काळजीही कामाचाच भाग आहे. उघड्यावर वारा असेल तर नुसता फोम पुरत नाही, केसाळ कव्हर लागतं. निघण्यापूर्वी खोलीची रिकामी शांतता 30 सेकंद रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमधला कट झाकायला तीच उपयोगी पडते.

ओठ आणि शब्द सुरुवातीला जुळतात आणि पुढे सरकत जातात, ही तक्रार मोबाइलवर शूट करणाऱ्यांची नेहमीची. बरेच फोन सेकंदाला किती फ्रेम घ्यायच्या हे शूट करता करता बदलतात. एडिटला घेण्यापूर्वी फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. वेगळा रेकॉर्डर वापरत असाल तर तो 48 किलोहर्ट्झवर ठेवा आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे एडिटला तिच्यावरून चित्र आणि आवाज जुळवता येतात.

व्हीओला व्हिज्युअल्स पुरत नाहीत

दीड मिनिटाचं पॅकेज, म्हणजे पूर्ण तयार व्हिडिओ बातमी, घ्या. त्यात 40 सेकंदांचे बाइट्स (मुलाखतीतले बोलण्याचे तुकडे), 15 सेकंदांची पीटीसी (बातमीदार कॅमेऱ्याकडे बघून बोलतो तो भाग). उरले 35 सेकंद, ते व्हीओचे, म्हणजे चित्रांवर ऐकू येणाऱ्या निवेदनाचे. एक शॉट चार सेकंद धरला तरी नऊ शॉट्स लागतात. माझ्याकडे एकदा पाच होते आणि त्यांतले तीन एकाच इमारतीचे.

याचं कारण बहुधा शॉट कमी घेणं एवढंच नसतं. कॅमेरा सतत फिरवत, झूम करत राहिलं की तासाभराच्या फुटेजमधून वापरता येईल असं फारसं काही निघत नाही. ट्रायपॉड लावा, फ्रेम ठरवा, रेकॉर्ड दाबा आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत हात लावू नका. कुणी काम करत असेल तर एक वाइड, एक मिड, हातांचा क्लोज, चेहऱ्याचा क्लोज आणि ती व्यक्ती ज्याकडे पाहते आहे तो शॉट, एवढं घ्या. या पाचांत एक पूर्ण सीक्वेन्स उभा राहतो. दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला राहा. रेषा ओलांडली की एडिटमध्ये दोघंही एकाच दिशेला बघून बोलताना दिसतात.

चेहरा काळा, रंग विचित्र, दिव्यांची थरथर

चेहरा काळा म्हणजे मागे खिडकी होती. माणसाला फिरवा, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर बाजूने येऊ द्या. रंग बिघडला म्हणजे व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग) ऑटोवर होता किंवा पिवळा बल्ब आणि दिवसाचा उजेड एकत्र आले: एक साधारण 3200 केल्विन, दुसरा 5600. त्यातला एक बंद करा. थरथर शटरच्या वेगामुळे येते. वीज 50 हर्ट्झची असेल तिथे शटर 1/50 किंवा 1/100, आणि 60 हर्ट्झची असेल तिथे 1/60 किंवा 1/120 सेकंद ठेवा.

बाइट मिळतो, पण त्यात काही नसतं

‘तुम्हाला वाईट वाटलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर येतं आणि दोष माझ्याकडे जातो. ‘त्या सकाळी काय झालं?’ विचारलं की माणूस सांगू लागतो. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. दोन-तीन सेकंद थांबलं की पुष्कळदा खरं वाक्य त्यानंतर येतं. ऐकताना ‘हं, हं’ म्हणायची सवय सोडा, मान हलवा. तुमचा हुंकार त्यांच्या शब्दांवर बसला की तो काढता येत नाही. आणि सगळ्यात आधी नाव व पद त्यांच्याच तोंडून कॅमेऱ्यावर घ्या, स्पेलिंग वहीत लिहून घ्या. स्क्रीनवरच्या नावाच्या पट्टीत चुकीचं नाव गेलं तर ज्याने विश्वासाने वेळ दिला त्याचा तो अपमान आहे.

एडिटमधल्या एका मोहाबद्दल मुद्दाम लिहिते. बाइटमधून मधली दोन वाक्यं काढली की चित्र उडी मारतं आणि ती उडी आपण कटअवेने, म्हणजे वर दुसरा शॉट टाकून, झाकतो. हे रोजचं आहे, मान्य आहे. पण झाकल्यावर प्रेक्षकाला कळत नाही की मध्ये काही काढलं आहे. ‘योजना चांगली आहे, पण पैसे पोहोचले नाहीत’ यातलं ‘पण’च्या पुढचं कापलं की माणूस भलतंच बोललेला दिसतो. म्हणून प्रत्येक कटनंतर मी एकच प्रश्न विचारते: हे त्यांना समोर बसवून दाखवता येईल का? नसेल, तर बाइट लांब राहू दे.

तसंच, राहून गेलेला प्रसंग पुन्हा करून दाखवायला सांगून तो घडत असल्यासारखा वापरू नका.

स्क्रिप्ट आणि पीटीसी

वाचायला सुरेख वाटणारं वाक्य बोलताना दम लावतं. मोठ्याने वाचा, जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा. जे चित्रात दिसतं आहे ते शब्दांत पुन्हा सांगू नका. रस्त्यावर पाणी दिसतंच. ते कधीपासून आहे आणि का उतरत नाही ते सांगा.

पीटीसी पाठ केली की डोळे पाठांतर शोधताना दिसतात. तीन मुद्दे लक्षात ठेवा आणि बोला. त्यात बदलू शकणारा आकडा मात्र घेऊ नका. पीटीसी दुपारी शूट होते आणि जखमींची संख्या संध्याकाळी बदलते. व्हीओ पुन्हा रेकॉर्ड करता येतो, पण त्या जागी तुम्ही पुन्हा उभ्या नसता. आकडे व्हीओमध्ये किंवा अँकरच्या वाचनात ठेवा, पीटीसीत ती जागा का महत्त्वाची आहे ते सांगा.

कार्ड

परत आल्यावर फुटेज दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी झाल्याचा संदेश पुरेसा मानू नका. काही क्लिप्स उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहा, आवाजासकट. त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॉम्प्युटरवर न करता ज्या कॅमेऱ्यात वापरणार त्याच कॅमेऱ्यात. फॉरमॅट न केलेल्या कार्डाला मी लाल चिकटपट्टी लावते, आणि ती लावलेलं कार्ड कुणी कितीही घाईत मागितलं तरी देत नाही.