अल्सरेटिव्ह कोलायटिस: रक्त थांबलं म्हणून औषध थांबवू नका

शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे निदान घरातच होतं: मूळव्याध. मग तिखट बंद, मलम, कुणीतरी सांगितलेला काढा, आणि यात महिने निघून जातात. मूळव्याधीचं रक्त बहुधा शौचाच्या वेळी किंवा नंतर लालभडक थेंबांनी पडतं. रक्ताबरोबर आव पडत असेल, दिवसातून अनेकदा घाईने जावं लागत असेल, रात्री त्यासाठी झोपमोड होत असेल, वजन उतरत असेल, तर कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) टाळू नका. ‘एवढ्या लहान वयात कशाला?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ही लक्षणं अल्सरेटिव्ह कोलायटिसची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडण्याच्या दीर्घ आजाराची असू शकतात. हा आजार बऱ्याचदा ऐन तरुणपणी सुरू होतो.

निदानानंतरची सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बरं वाटलं की मेसालामाइन (आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारं औषध) सोडणं. रक्त थांबतं, भूक लागते, मग ‘आता कशाला रोज गोळ्या?’ असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण लक्षणं गेल्यावरही आतड्याच्या अस्तरात सूज उरलेली असू शकते. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन तपासतात ते ही सूज ओळखण्यासाठीच. मेसालामाइन आजार शांत असतानाही घ्यायचं असतं आणि ते नेमाने घेणाऱ्यांचा आजार कमी वेळा उलटतो. मूत्रपिंडासाठी अधूनमधून क्रिएटिनिन तपासलं म्हणजे झालं.

सूज गुदाशयापुरती असेल तर सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी) किंवा औषधाचा एनिमा नुसत्या गोळ्यांपेक्षा जास्त गुण देतात. संकोचापोटी ते न वापरणारे पुष्कळ जण आहेत. डॉक्टरांनीही दोन मिनिटं देऊन वापरायची रीत समजावली पाहिजे.

स्टेरॉइडबद्दल जरा सविस्तर. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये कॉर्टिझोन या स्टेरॉइडच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उसळलेल्या आजारात या औषधाने रुग्ण सावरतात, हे त्यातून दिसलं. मात्र आजार शांत ठेवायला स्टेरॉइड उपयोगी पडत नाही, हेही पुढे स्पष्ट झालं. तरी त्रास वाढला की जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणलं जातं. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून सवय लागते. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो. उलट, बरेच आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण शरीरात आपोआप तयार होणारं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, तोवर मंदावलेलं असतं. डोस हळूहळूच उतरवायचा. वर्षात दुसऱ्यांदा स्टेरॉइडची वेळ आली, तर ‘आता पुढचं औषध कोणतं?’ असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

पुढचं औषध बऱ्याचदा अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध असतं. त्याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. महिन्याभरात ‘उपयोग नाही’ म्हणून ते सोडू नका, आणि पांढऱ्या पेशींची तपासणी चुकवू नका. इन्फ्लिक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्तीवर काम करणारी इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी व्हायलाच हवी. ही औषधं दबून असलेला क्षय जागा करू शकतात, आणि आपल्या देशात असा क्षय अनेकांच्या शरीरात असतो.

सांधे किंवा डोकं दुखलं म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, त्यांनी आजार भडकू शकतो. गरोदरपणात ‘बाळाला नको’ म्हणून परस्पर औषधं बंद करणं आणखी घातक. उसळलेला आजार बाळाला जास्त बाधतो. मेसालामाइन, अझाथायोप्रिन सहसा चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध मात्र गर्भधारणेच्या बरंच आधी थांबवावं लागतं.

दिवसात ६ किंवा जास्त वेळा रक्त पडत असेल, सोबत १०० फॅरनहाइटच्या वर ताप किंवा नाडी ९०च्या पुढे असेल, तर घरी जुलाब बांधणाऱ्या गोळ्या घेऊ नका. अशा वेळी लोपरामाइडसारख्या या गोळ्यांमुळे मोठं आतडं धोकादायकरीत्या फुगू शकतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि शेवटचा कोलोनोस्कोपीचा अहवाल सोबत घ्या.