कॅम्पर ओढायला डिझेल पिकअप कसा निवडावा

अमेरिकेतल्या कुठल्याही डीलरच्या आवारात गेलात की विक्रेत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘हा तेरा हजार पौंड आरामात ओढतो.’ त्याला बोलू द्या. तेवढ्यात ड्रायव्हरचं दार उघडा आणि खाली वाकून दाराच्या खांबावरचं पिवळं-पांढरं स्टिकर वाचा. टायरमध्ये हवा किती भरायची हे लिहिलेलं असतं, तेच. त्यावर एक ओळ सापडेल: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन कधीही होता कामा नये. हा त्या ट्रकचा पेलोड. कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, ओढायचा असेल तर बहुतेक वेळा ट्रकची हद्द या आकड्यावर संपते, विक्रेत्याच्या तेरा हजारांवर नाही.

हे मी अनुभवाने शिकले. आम्ही आधी ट्रक घेतला आणि मग त्याला शोभेल असा ट्रेलर आणला. पहिल्याच रात्रीच्या प्रवासात समोरून येणारी प्रत्येक गाडी आमच्यावर दिवे मारत होती. आमचे दिवे तर खालीच होते. थांबून बाजूने पाहिलं तेव्हा कळलं: ट्रकचा मागचा भाग बसला होता, नाक वर गेलं होतं आणि आमचे हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जात होते. ओढण्याची ताकद भरपूर होती, पाठीवर घ्यायची नव्हती.

पहिलं काम: ट्रेलर ठरवा

ट्रक नंतर. ट्रेलर कुठला घ्यायचा हे नक्की नसेल तर निदान किती वजनापर्यंतचा घ्यायचा हे ठरवून टाका.

माहितीपत्रकातलं ‘ड्राय वेट’ विसरा. त्या वजनात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरुणं नाहीत, बहुतेक वेळा बॅटरी आणि भरलेले गॅस सिलिंडरही नाहीत. एक गॅलन पाणी साधारण ८.३ पौंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंड एकट्या पाण्याचे. हिशोबाला ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर धरा, म्हणजे ट्रेलरचं सगळं मिळून जास्तीत जास्त जितकं वजन चालतं तो आकडा. तो ट्रेलरच्या बाहेर, पुढच्या डाव्या कोपऱ्याजवळच्या लेबलवर छापलेला असतो. ‘आम्ही इतकं सामान भरणार नाही’ असं सगळेच म्हणतात. दुसऱ्या मोसमात सगळेच भरतात.

दुसरं काम: पाठीवर किती येतं ते मोजा

साध्या ट्रेलरच्या वजनातला १० ते १५ टक्के भाग हिचवर, म्हणजे ट्रेलर जिथे जोडतो त्या जोडणीवर, आणि तिथून ट्रकच्या पाठीवर दाबत असतो. याला टंग वेट म्हणतात. तो मुद्दाम कमी ठेवायचा नसतो. दहा टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि हायवेवर तो अनुभव कोणाला येऊ नये. फिफ्थ व्हील ट्रेलरचं जोडणं थेट ट्रकच्या मागच्या हौद्यात असतं. तिथे हाच हिस्सा १५ ते २५ टक्के, आणि हिशोबाला २० धरलेले बरे.

आता कागद घ्या. समजा, ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर ९,००० पौंड आहे. १३ टक्क्यांनी टंग वेट ११७० झालं. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं स्वतःचं लोखंड साधारण १००. दोन मोठी माणसं, दोन मुलं: ५००. हौद्यात जनरेटर, सायकली, सरपण, कूलर: ३००. बेरीज २,०७०. हा हिच थोडा भार पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतो हे खरं, पण त्या भरवशावर ट्रक विकत घेऊ नका.

दाराच्या स्टिकरवर याहून मोठा आकडा हवा. त्या आकड्यात ड्रायव्हरचं वजनही बसवायचं असतं. शिवाय फॅक्टरीतून गाडी निघाल्यावर जे जे बसवलं असेल, हौद्यावरचं झाकण, पायऱ्या, हत्यारांची पेटी, ते सगळं त्यातून वजा करायचं.

तिसरं काम: ट्रकचा वर्ग ठरवा

हाफ-टन, थ्री-क्वार्टर-टन, वन-टन ही जुनी नावं. आजच्या वजनांशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही, तरी बोलताना सगळे हेच वापरतात. फोर्डमध्ये एफ-१५०, एफ-२५०, एफ-३५०. बाकीच्यांकडे १५००, २५००, ३५००.

हाफ-टनचा पेलोड बहुधा दीड हजार पौंडांच्या आगेमागे असतो. वरच्या उदाहरणात तो तिथेच बाद झाला, जरी त्याचं टो रेटिंग, म्हणजे ओढायची अधिकृत मर्यादा, नऊ हजारांच्या वर असलं तरी. हे रेटिंग खोटं नसतं. एसएई जे२८०७ नावाचं एक प्रमाण आहे, आणि त्यातली चढणीची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅम घाटावर बेतलेली आहे: ११ मैलांहून लांब चढ, कडक ऊन, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. फक्त त्या चाचणीतल्या ट्रकमध्ये दीडदीडशे पौंडांची दोन माणसं बसलेली असतात. मुलं नाहीत, सायकली नाहीत, सरपण नाही.

खरी गंमत थ्री-क्वार्टर-टनमध्ये आहे, आणि डिझेल घेणारे नेमके इथे फसतात. यातल्या बऱ्याच ट्रकांचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांवर बांधलेला असतो, कारण त्याच्या वर गेलं की ट्रक वजनाच्या वरच्या वर्गात जातो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कित्येक शे पौंडांनी जड. वरची मर्यादा हलत नाही आणि इंजिन जड होतं, म्हणजे मधला पेलोड आकसतो. त्यात चार दारं, चारही चाकांना जोर, काचेचं छत, चामड्याच्या सीट. अशा सजवलेल्या डिझेल २५०० चा पेलोड दोन हजारांच्या आसपास येऊन थांबलेला मी स्वतः स्टिकरवर वाचला आहे. तोच ट्रक पेट्रोल इंजिनात घेतला तर पाठीवर जास्त घेतो!

म्हणून माझं सरळ मत: डिझेल घ्यायचा आणि ट्रेलर आठ हजारांच्या पुढचा असेल तर वन-टन बघा, मागे दोनच चाकांचा. किमतीतला फरक एकूण रकमेच्या मानाने किरकोळ असतो, पेलोड बहुधा साडेतीन हजारांच्या पुढे जातो आणि गाडी दिसायला जवळजवळ तशीच राहते. मागे चार चाकांचा ड्युअली मोठ्या फिफ्थ व्हीलसाठी ठेवा. १४,००० पौंडांच्या फिफ्थ व्हीलचा २० टक्के म्हणजे २,८०० पौंड नुसता दाब. हिच आणि माणसं धरून साडेतीन हजार होतात. तिथे रुंद बूड कामाला येतं, पार्किंगमध्ये मात्र जीव घेतं.

चौथं काम: डिझेल खरंच हवं का, हे स्वतःला विचारा

डिझेलची खरी किंमत घाटात कळते. साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे पोचेपर्यंत अशा इंजिनाची जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद विरळ हवेत गेलेली असते. टर्बो ती हवा दाबून आत भरतो, त्यामुळे डिझेलला हा फटका फारसा बसत नाही.

चढापेक्षा मला उतार महत्त्वाचा वाटतो. बोगद्यातून बाहेर पडलं की पश्चिमेला मैलोन्‌मैल सहा-सात टक्क्यांचा उतार आहे. डिझेल ट्रकवर एग्झॉस्ट ब्रेकचं बटण असतं: टर्बोच्या पाकळ्या आवळल्या जातात, धूर बाहेर जाताना अडतो आणि इंजिनच गाडी मागे खेचून धरतं. पाय ब्रेकवरून काढून बसलेय, वेग ताशी ५० वर टांगल्यासारखा स्थिर, आणि शेजारच्या लेनमधून जळक्या ब्रेकचा वास येतोय, हे एकदा अनुभवलं की डिझेलच्या जास्तीच्या पैशांबद्दल तक्रार राहत नाही.

ते पैसे मात्र थोडे नाहीत. हेवी ड्यूटी ट्रकमध्ये डिझेल इंजिनाचे सुमारे दहा हजार डॉलर वेगळे मोजावे लागतात. तेल बदलताना दहा-पंधरा क्वार्ट लागतं, इंधनाचे फिल्टर वेळेवर बदलावे लागतात, आणि डीईएफ नावाचं युरियाचं पाणी वेगळ्या टाकीत भरत राहावं लागतं. धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या गाळणीत साठते आणि गाडी लांब, गरम चालली की जळून जाते. वर्षात दोनदा कॅम्पिंग आणि बाकी दिवस तीन मैलांवरची शाळा-बाजार असं तुमचं चालणार असेल तर ती गाळणी तुंबणार. तुमच्यासाठी मोठं पेट्रोल इंजिनच बरं, हे मी डिझेलप्रेमी असूनही सांगते.

पाचवं काम: इंजिन आणि साल

हाफ-टनमध्ये फोर्डचं ३.० लिटर पॉवर स्ट्रोक २०२१ ला आणि रॅमचं इकोडिझेल २०२३ ला थांबलं. नवीन घ्यायचं तर जीएमचं ३.० ड्युरामॅक्स: सरळ सहा सिलिंडर, २०२३ पासून ३०५ हॉर्सपॉवर आणि ४९५ पौंड-फूट टॉर्क. सहा-सात हजारांच्या ट्रेलरला, पेलोड पुरत असेल तर, फार गोड इंजिन. जुनं २०२० ते २०२२ चं घेत असाल तर एक लक्षात ठेवा: त्याच्या तेलपंपाचा पट्टा दीड लाख मैलांवर बदलायचा असतो, आणि तो आहे इंजिनाच्या मागच्या बाजूला. म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं.

मोठ्या ट्रकांत तिघं आहेत: फोर्डचं ६.७ पॉवर स्ट्रोक, जीएमचं ६.६ ड्युरामॅक्स आणि रॅममधलं ६.७ कमिन्स. पहिली दोन व्ही-८, कमिन्स सरळ सहा. यातलं कुठलं चांगलं यावर लोक रात्र रात्र भांडतात. कॅम्परपुरतं बोलायचं तर तिघांकडेही गरजेपेक्षा जास्त ताकद आहे. फोर्डच्या हाय आउटपुटचा टॉर्क तर १,२०० पौंड-फूट. जवळपास ज्याची दुरुस्ती चांगली होते तो घ्या.

जुन्या बाजारात मात्र साल बघावंच लागतं. फोर्डचं ६.० लिटर, २००३ ते २००७, हेड गास्केट (सिलिंडरांवरची सील) आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) यांच्यासाठी बदनाम आहे. जीएमचं पहिलं ड्युरामॅक्स, २००१ ते २००४, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांसाठी. नंतरच्या काळातली काळजीची गोष्ट म्हणजे सीपी४ हा उच्च दाबाचा इंधनपंप: २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये, २०११ पासूनच्या फोर्ड ६.७ मध्ये आणि २०१९-२० च्या रॅममध्ये. हा फुटला की धातूचा कीस इंजेक्टरांपर्यंत पोचतो आणि सगळी इंधनव्यवस्था बदलावी लागते. बिल पाच आकडी होऊ शकतं. रॅमचे ते ट्रक कंपनीने परत बोलावून पंप बदलून दिले. घेताना ते काम झालंय का ते बघा.

वापरलेला ट्रक बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर विक्रेत्याने तुम्ही यायच्या आत गाडी चालू करून ठेवली होती. थंड असताना ती कशी सुरू होते हे तुम्हाला दिसू नये म्हणून असेल. मग सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवा. डीपीएफ असलेल्या ट्रकची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. बोट काळं झालं तर गाळणी फुटली आहे किंवा कोणीतरी काढून टाकली आहे. काढणं क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे, आणि तपासणीत ते तुमच्या गळ्यात येतं.

उरलेल्या गोष्टी

ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर फॅक्टरीतलाच असावा. लांब बाहेर येणारे टोइंग आरसे हवेत. फिफ्थ व्हील असेल तर हौदा आठ फुटी घ्या. छोट्या हौद्यात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला लागू शकतो आणि मग सरकता हिच घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात राहत असाल तर खरेदीआधी डीएमव्हीचे, म्हणजे वाहन परवाना खात्याचे, नियम वाचा: १०,००० पौंडांच्या वरच्या साध्या ट्रेलरला तिथे बिगरव्यावसायिक क्लास ए परवाना लागतो. आणि पंपावर हिरवी नळी म्हणजे डिझेल असं धरून चालू नका. बीपीच्या पंपांवर पेट्रोलची मूठही हिरवी असते.

शेवटचं काम: काट्यावर चढवा

ट्रक आला, ट्रेलर जोडला, पाणी भरलं, मुलं बसली की पहिला थांबा ट्रक-स्टॉपवरचा कॅट स्केल, म्हणजे ट्रकांचा वजनकाटा. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळ्या पट्ट्यांवर येतील असं उभं राहायचं. पावतीवर तीन वजनं वेगवेगळी येतात. मग ट्रेलर सोडून, माणसं आणि सामान तसंच ठेवून, एकट्या ट्रकचं वजन करा. जोडलेला असताना ट्रकच्या दोन्ही ॲक्सलची बेरीज एकट्या ट्रकपेक्षा जितकी जास्त, तितका भार ट्रेलर तुमच्या पाठीवर टाकतोय. मागच्या ॲक्सलचा आकडा दाराच्या खांबावरच्या दुसऱ्या लेबलशी ताडून बघा. जोडल्यावर पुढचा ॲक्सल बराच हलका झालेला दिसला तर हिचच्या साखळ्या एक कडी आवळा आणि पुन्हा काट्यावर या. आमच्या दुसऱ्या ट्रकला अशा तीन फेऱ्या लागल्या.