नाटकाचे कपडे सांभाळताय? या चुका टाळा

आमच्या गोव्यात जत्रा आली की नाटक आलंच, आणि नाटक ठरलं की कोणीतरी म्हणणार, "कपड्यांचं तू बघ गो!" मी पण अशीच या कपडेपटात अडकले, त्यामुळे खाली लिहिलेल्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कापड पसंत करणं. म्हापशाच्या बाजारात एक डाळिंबी शालू घेतला होता, काय सुंदर रंग! पण रात्रीच्या प्रवेशाला निळा लाइट पडला आणि ऐन लग्नातली नवरी काळं नेसून उभी. लाल कापडाला परत फेकायला लाल उजेडच नसला तर ते काळपटच दिसणार, हिरव्या लाइटमध्येही तेच. म्हणून खरेदीआधी लाइटवाल्याला विचारा की कुठल्या प्रवेशाला कुठला रंग आहे, आणि जमलं तर ब्लाउजपीसएवढा तुकडा त्या लाइटखाली धरून लांबून बघा. साडी घेऊन झाली असेल तर समोरून थोडा पांढरा उजेड मागायचा, दुसरा इलाज नाही. पांढरंशुभ्र धोतर उलट इतकं चमकतं की नटाचा चेहराच दिसत नाही, ते चहाच्या पाण्यात बुडवून काढा, पण सुती असेल तरच, पॉलिस्टरला चहा चढत नाही.

दुसरं म्हणजे उभ्याउभ्या घेतलेली ट्रायल. आरशासमोर सगळं बसतंच हो. नटाला मांडी घालायला लावा, तलवार उपसायला लावा, कोणाच्या तरी पाया पडायला लावा, मग कळतं अंगरखा काखेत कुठे उसवतो ते. टेलरला आधीच सांगा आत इंचभर माया, म्हणजे शिवणीत जादा कापड ठेव, आणि काखेत चौकोनी तुकडा जोडून घे म्हणजे हात मोकळा वर जातो. संगीत नाटक असेल तर कंबरेचं माप श्वास भरून घ्यायचं, नाहीतर कमरपट्टा आवळला की तानेला दमच पुरत नाही आणि शिव्या खायच्या हार्मोनियमवाल्याने. नऊवारी पहिल्यांदा नेसणारीला निदान आठ दिवस तालमीतच नेसवा.

ड्रेपरीतून, म्हणजे नाटकाच्या कपड्यांच्या दुकानातून भाड्याने आणणार असाल तर आदल्या दिवशी जाऊ नका, दिवाळीनंतर सगळ्या गावांच्या जत्रा लागोपाठ येतात, उरलेलं तेच तुमच्या वाट्याला. मुकुट सैल निघाला तर आत स्पंजची पट्टी चिकटवा. आणि शिवकालातल्या माणसाला पुणेरी पगडी घालू नका, ती फार नंतरची. घड्याळ, नेलपॉलिश, ब्लाउजची मागची चेन, हे विंगेत उभं राहून प्रत्येकाचं तपासायचं, लाज नाही बाळगायची.

झटपट बदलायच्या कपड्यांना वेल्क्रो लावला की शांत प्रवेशात विंगेतून चर्रर्र आवाज येतो आणि कॉलर माइक चालू असेल तर मांडवभर ऐकू जातो, त्यापेक्षा मोठे हूक बरे. बदल मोबाइलवर वेळ लावून, अंधारात करून बघा.

आता आमच्याकडची खास अडचण, दमट हवा. नाटक संपतं पहाटे, सगळे दमलेले, घामाचे कपडे तसेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले जातात आणि चार दिवसांनी उघडलं तर बुरशी. साडीची जरीची किनार पण काळी पडते. कितीही झोप आली तरी आधी दोरीवर सावलीत वाळत घाला, मग जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. जे धुता येत नाही त्याला काखेत आतून व्होडका आणि पाणी मिसळून फवारा मारतात, वास जातो, फक्त आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा रंग सुटतो का. व्होडका नाही म्हणून आमच्या एकाने फेणी मारली होती. त्या रात्री नारद यायच्या आधीच पहिल्या रांगेला कळायचं की नारद येतोय.