केमोथेरपी चालू असताना एकटे राहणाऱ्यांनी दुष्परिणाम आणि विशेषतः रात्रीचा ताप कसा निभवावा

केमोथेरपीबद्दलचे बहुतेक सल्ले घरात दुसरे कोणी तरी आहे असे गृहीत धरून दिलेले असतात. कोणी तरी ताप पाहील, कोणी तरी गाडी काढील, कोणी तरी दार उघडील. इंदूरच्या सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या वस्त्यांत मुले पुण्याला किंवा बेंगळुरूला आणि आई किंवा वडील एकटे, अशी मराठी घरे आता थोडीथोडकी नाहीत. मीही अशाच एका घरात केमोच्या बऱ्याच फेऱ्या एकटीने काढल्या आहेत. ‘मन प्रसन्न ठेवा’ हा सल्ला मला पुष्कळांनी दिला. रात्री दीड वाजता अंगात हुडहुडी भरल्यावर नेमके काय करायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. म्हणून हा लेख मुख्यतः त्या रात्रीबद्दल आहे.

डे-केअरमधून (केमो देण्याच्या विभागातून) निघण्यापूर्वी

दिलेल्या औषधांची नावे, पुढच्या रक्ततपासणीची तारीख आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर लिहून घ्यावा. त्या नंबरवर घरी आल्यावर, तब्येत बरी असतानाच, रात्री अकरानंतर एकदा फोन करून पाहावा. तो उचलला जात नसेल तर दुसऱ्या दिवशी दुसरा नंबर मागावा, आणि मागताना मुळीच भीड बाळगू नये.

भीती वाटते, पण बहुधा धोका नसतो

डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लाल होते. ते रक्त नसून औषधाचा रंग असतो. ऑक्झॅलिप्लॅटिन घेतल्यावर पहिले काही दिवस थंड पाण्याच्या घोटाने घसा आवळला जाऊन श्वास बंद पडल्यासारखे वाटते. अशा वेळी घाबरून न जाता कोमट पाण्याचे लहान घोट घ्यावेत, गरम वाफेवर नाक-तोंड धरावे, म्हणजे काही मिनिटांत घसा मोकळा होतो. ते दिवस फ्रिजला हातमोजे घालूनच हात लावावा, आणि इंदूरच्या जानेवारीत सकाळच्या नळाच्या पाण्यालाही. श्वासाच्या त्रासाबरोबर अंगावर पित्त उठले किंवा ओठ सुजले, तर ती ॲलर्जी असू शकते आणि तेव्हा थेट रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशी वाढवण्याच्या इंजेक्शननंतर कंबर आणि छातीचे हाड ठणकते, तेही अपेक्षितच आहे. पॅक्लिटॅक्सेलने बोटे बधिर होतात, तेव्हा आंघोळीचे पाणी बोटांनी न पाहता कोपराने पाहावे.

उलटी, जुलाब, तोंड

उलटीच्या गोळ्या उलटी होण्याची वाट न पाहता लिहून दिलेल्या वेळेलाच घ्याव्यात. सिस्प्लॅटिनची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर करते, आणि पहिला दिवस बरा गेला म्हणून गोळ्या बंद करणाऱ्यांचे तेव्हा हाल होतात. ऑन्डॅन्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतो, त्याचे औषध आधीच मागून ठेवावे. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त शौचास जावे लागले किंवा दिवसभर पाणीही पोटात ठरले नाही, तर फोन करावा. जुलाब थांबवणारी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. तोंड आले असेल तर एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून दिवसातून अनेकदा चूळ भरावी. पोह्यांवरची शेव आणि जिरावण (इंदुरी तिखट मसाला) त्या आठवड्यात वर्ज्य.

गुळवेलीचा काढा, कच्च्या पाल्याचा रस, गव्हांकुर असे जे जे प्रेमाने आणून दिले जाते, ते प्रेमानेच परत करावे. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशात झालेल्या आहेत, आणि केमोची अनेक औषधे त्याच यकृतातून जायची असतात.

ताप: आधीची तयारी

बहुतेक औषधांत केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. कॅलेंडरवर हे दिवस लाल पेनाने भरून टाकावेत. सीबीसीच्या (रक्तातील पेशींच्या तपासणीच्या) अहवालात केवळ एकूण पेशींचा आकडा पाहून भागत नाही. एकूण पांढऱ्या पेशी 1,200 आणि न्यूट्रोफिल (त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी) 30 टक्के असतील, तर लढणाऱ्या पेशी 360 च उरल्या, आणि 500 च्या खाली साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरू शकतो. पू, सूज, लाली ही सगळी त्या पेशींचीच कामगिरी असल्यामुळे पेशीच नसल्या की संसर्ग बाहेरून दिसत नाही. कित्येकदा ताप हे एकच लक्षण असते. म्हणून थर्मामीटरवर 100.4 फॅरनहाइट दिसले की ती आणीबाणी समजावी, मग सकाळ होण्याची वाट पाहू नये. स्टिरॉइड चालू असेल किंवा वय जास्त असेल तर ताप न चढताही थंडी भरते, चक्कर येते, दम लागतो, आणि त्यालाही हाच नियम लावावा.

तापाच्या एका रात्री माझा सर्वांत मोठा झगडा दाराशी झाला. दातांवर दात आपटत होते, बोटे आधीच बधिर होती, आणि रोज सहज सरकणारी वरची कडी काही केल्या सरकेना. बाहेर शेजारच्या भाभी हाका मारत होत्या आणि मी आत कडीला लटकले होते. त्यामुळे माझे ठाम मत असे की, त्या लाल दिवसांत रात्री दाराला कडी, खिटी, साखळी यांपैकी काहीही लावू नये. बाहेरूनही किल्लीने उघडता येईल असे लॅच तेवढे असावे आणि त्याची दुसरी किल्ली शेजारी असावी. चोरीची भीती मला पुष्कळांनी घातली. बंद दाराआड बेशुद्ध पडण्याची भीती मला त्याहून मोठी वाटते.

किल्ली ठेवायला देताना नुसते ‘लक्ष असू द्या’ म्हणू नये, कारण त्यातून कोणालाच काही कळत नाही. काम नेमके सांगावे: रात्री दोनला माझा फोन आला तर खाली येऊन गेट उघडायचे, माझी पिशवी उचलायची आणि गाडी येईपर्यंत जवळ बसायचे. एवढे नेमके सांगितल्यावर नाही म्हणणारे शेजारी मला अजून भेटलेले नाहीत. पुण्याचा मुलगा तातडीच्या यादीत पहिला नसावा, कितीही जिवाचा असला तरी. पहिले नाव गल्लीतलेच हवे. सकाळी साडेसातला मी भाचीला एक निरोप पाठवते. आठपर्यंत तो गेला नाही तर ती मला फोन करते, आणि मी उचलला नाही तर किल्लीवाल्या भाभींना.

पिशवीत फाइल, शेवटच्या केमोची तारीख, ताजा सीबीसी, आधार, विम्याचे किंवा आयुष्मानचे कार्ड, चष्मा, चार्जर, शाल आणि थोडी रोकड असावी. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डासाठी उत्पन्नाची अट राहिलेली नाही, तेव्हा ते आधीच काढून ठेवावे. लाल दिवसांत रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) येत असतील, तर राजवाड्याकडचे रस्ते बंद राहतात. रुग्णालय त्या बाजूला असेल तर वळणाचा रस्ता आदल्या दिवशीच विचारून ठेवावा.

ताप: त्या रात्री

दिवा लावावा आणि थर्मामीटर तोंडात धरावा. नुकतेच गरम किंवा थंड काही प्यायले असल्यास पंधरा मिनिटे थांबावे. तोंड आल्यामुळे काखेत धरला, तर आकडा कमी दिसतो हे ध्यानात ठेवावे. आकडा आणि वेळ कागदावर लिहावी.

यानंतर पॅरासिटामॉलची गोळी घेऊ नये. मला या गोळीवरून लोकांशी वाद घालावा लागतो आणि तो मी घालतेच. ‘एक डोलो (म्हणजे पॅरासिटामॉलच) घेऊन झोप, केमोत ताप येतोच’ असे सांगणारा माणूस प्रेमाने बोलत असला, तरी अत्यंत घातक बोलत असतो. त्या गोळीने थर्मामीटरचा आकडा काही तास खाली येतो, जंतू मात्र तसेच वाढत राहतात, आणि सकाळी ताप पुन्हा चढतो तेव्हा रक्तदाब कोसळलेला असू शकतो. डॉक्टरांनी फोनवर सांगितले तरच गोळी घ्यावी. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन तर मुळीच नको, कारण प्लेटलेटही (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतात.

मग रुग्णालयाला फोन करावा. हुडहुडीत वाक्य जुळत नाही, म्हणून माझ्या फ्रिजवर ते हिंदीत लिहून चिकटवलेले आहे: ‘मेरी कीमो चल रही है, आज नौवाँ दिन है, बुखार 101 है, मैं अकेली हूँ और अभी आ रही हूँ।’ दिवसाचा आणि तापाचा आकडा तेवढा बदलायचा. मला एका ठिकाणी पेंगुळलेल्या आवाजात ‘सुबह ओपीडी में दिखा देना’ असे उत्तर मिळालेले आहे. असे उत्तर मानू नये. ड्यूटी डॉक्टरला द्या म्हणावे, आणि तेही जमले नाही तर न विचारता निघावे.

दुसरा फोन शेजारी. तिसरा गाडीसाठी. 108 ची रुग्णवाहिका मोफत असते, पण ती कोणत्या रुग्णालयात नेणार हे फोनवरच विचारून घ्यावे. ॲक्टिव्हा काढू नये, रिक्षातही एकटीने बसू नये, कारण वाटेत शुद्ध हरपू शकते. गाडी येईपर्यंत दाराजवळच्या खुर्चीत बसावे. अंघोळ, कपडे बदलणे, देवापुढे दिवा हे सगळे राहू द्यावे. संडासला जायचेच असेल तर आतून कडी लावू नये.

इमर्जन्सीच्या दाराशी मास्क लावून पहिले वाक्य ‘केमो आणि ताप’ हेच बोलावे आणि पावतीच्या रांगेत उभे राहू नये. शेजारचे कोणी बरोबर आले असेल, तर रांगेत ते उभे राहतील. रक्ताचे कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) घेऊन तासाभराच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवे. अर्धा तास झाला तरी सलाईन लागली नाही, तर पुन्हा उठून, शांतपणे पण ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे. एकट्या माणसासाठी दुसरे कोणी विचारणार नसते.

घरी परतल्यावर

पिशवी त्याच दिवशी पुन्हा भरून दाराशी ठेवावी आणि नवीन डिस्चार्ज कार्ड फाइलमध्ये सर्वांत वर लावावे. पुढच्या फेरीच्या आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना हा ताप तारखेसह सांगावा, आणि पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन या वेळी द्यायचे का किंवा मात्रा बदलायची का, हे स्पष्ट विचारावे. ते इंजेक्शन साधारणपणे केमो संपल्यावर 24 तासांनी देतात, तेव्हा ते टोचायला घरी कोण येणार हेही त्याच भेटीत ठरवून घ्यावे.