दिवसपाळी की रात्रपाळी: परिचारिकांनी निवड कशी करावी

पाळी निवडण्याची मुभा मिळाल्यास रात्रपाळीच्या भत्त्याआधी झोपेचा हिशेब करावा. दिवसा अंधाऱ्या, शांत खोलीत सलग सात तास झोपता येणार नसेल (घरी असलेली बाई मोकळीच, असे मानणारी घरे अजूनही आहेत), तर कायमची रात्रपाळी घेऊ नये. दिवसा डॉक्टरांच्या फेऱ्या, तपासण्या, डिस्चार्ज आणि नातेवाइकांचे प्रश्न यांमुळे धावपळ अधिक असली, तरी नव्या परिचारिकेला शिकायला तेथेच मिळते. रात्री मनुष्यबळ कमी असल्याने रुग्णाची बिघडती प्रकृती प्रथम आपल्यालाच ओळखावी लागते. म्हणून वॉर्डचा पुरेसा अनुभव आल्यावरच ही पाळी स्वीकारावी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्ये रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटातच कायम ठेवले, हेही ध्यानात घ्यावे. रात्रपाळीनंतर डुलक्या येत असल्यास दुचाकी चालवू नये.